टिंबानंतर

अर्जाला तीनशे साठ पानं होती.
एका पानावर विचारलं होतं:
हे नाव तुम्हाला कशासाठी हवं आहे?
मी, साइला, हेलसिंकीत, पाचव्या मजल्यावर,
कॉफीचा चौथा कप.
लिहिलं: ग्राहकांच्या विश्वासासाठी.
खोडलं. पुन्हा तेच लिहिलं.

कंपनी थंडीचे कोट शिवायची.
नाव तुइस्कु. आमच्या भाषेत
वाऱ्याबरोबर आडवा धावणारा भुरभुरा बर्फ.
पत्त्याच्या शेवटी सगळ्यांचं असतं तसलं
डॉट कॉम तिला आता नको होतं.
स्वतःचं आडनाव हवं होतं.
टिंबानंतर फक्त ती,
आणि टिंबाआधी कुणी यायचं
ते ठरवणारीही तीच.

वकील साम्प्सा म्हणाला, हे घर घेणं नव्हे,
अख्ख्या गल्लीला आपलं नाव द्यायचं
आणि गल्लीत दुसऱ्या कुणाला राहू द्यायचं नाही.
फी भरली. तेवढ्यात बंदराजवळ
दोन खोल्या आल्या असत्या,
खिडकीतून बोटी दिसणाऱ्या.

ईस्टरला बेटावर गेले. इर्या आत्या
माशांना धुरी देत होती.
तिला सांगितलं. तिनं चष्मा कपाळावर नेला.
"टिंबानंतर? आम्ही टिंब दिलं
की पेन खाली ठेवायचो."
मग, बऱ्याच वेळानं: "विकलं कुणी?"
म्हटलं, एक संस्था आहे, लांब, कॅलिफोर्नियात.
"तिथं तुइस्कु पडतो?"

मी मासे उलटे करू लागले.

तिच्या नावेचं नावही तेच.
एइनोनं दिलेलं, त्यांच्या लग्नाच्या वर्षी,
समुद्रावर वाट चुकून
दोन दिवसांनी घरी आला तेव्हा.
ज्यानं जीव घ्यायचाच बाकी ठेवला होता
त्याला नावं ठेवली नाहीत,
त्याचं नाव ठेवलं.
अर्जबिर्ज काही नाही. रंगाचा डबा,
आणि डबा धरायला ती.

हरकत नोंदवायला मुदत होती.
निघताना मी तिला विचारलं, अर्धं थट्टेत.
"हरकत कसली?" ती म्हणाली,
"घेऊन जातायत कुठे?"

बावीस महिन्यांनी नाव मिळालं. केक आला,
त्यावर चॉकलेटचं मोठं टिंब.
ते कुणी खाल्लं आठवत नाही.

चौथ्या वर्षी एका स्वीडिश कंपनीनं
आम्हाला विकत घेतलं. कोटांवरची चिठ्ठी बदलली.
टिंबानंतरच्या त्या गल्लीत
एकच पान उरलं: लवकरच येत आहोत.
कुणी चुकून उघडलंच तर
कोपऱ्यात बर्फ पडायचा, तीन सेकंदांचा,
परत परत तोच.
नाव सोडून दिल्याचं पत्र लिहायचं काम
माझ्याकडेच आलं.
दीड पानात झालं.
कशासाठी, हे या वेळी कुणी विचारलं नव्हतं.

मे महिन्यात पुन्हा बेटावर. समुद्र नुकताच सुटलेला,
काठाला अजून काचांसारखे तुकडे.
आत्यानं नाव वर ओढून घेतली होती
आणि मागच्या फळीवरची अक्षरं
पांढऱ्या रंगानं गिरवत होती.
हात कापतो आता तिचा.
पहिल्या अक्षराला टेकायच्या आधीच
ब्रशवरून एक थेंब पडला, अक्षराच्या अलीकडे,
बरोबर तळाच्या रेषेवर.
मी फडकं पुढे केलं.
"राहू दे."
दोन पावलं मागे सरून तिनं बघितलं,
मान तिरकी करून, दुकानात आरसा बघतात तशी.
"बिल आलं तर तुझा पत्ता देईन."

संध्याकाळी रेडिओवर तो नेहमीचा घोगरा माणूस:
उत्तर किनाऱ्यावर तापमान शून्याखाली,
पहाटेपर्यंत तुइस्कु.
आत्यानं कप तसाच ठेवला.
रंग ओला होता.
आम्ही ताडपत्री घेऊन पळालो.